तळव्याची दोरी: ताणली की तुटली, ते आधी बघा

टाच दुखते म्हटलं की धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठेही तीनच उत्तरं मिळतात. हाड वाढलं असेल. कुणाकडून तरी चोळून घे. नाहीतर एक इंजेक्शन मारून घे. मी तिन्ही ऐकली, तिन्ही पाळली आणि चैत्रात वणीच्या देवीच्या गडावर पायी जाताना कळवणच्या पुढे भर रस्त्यात खाली बसलो.

मी डॉक्टर नाही. शाळेत खेळ शिकवतो आणि सकाळी पोलीस भरतीच्या पोरांना मैदानावर पळवतो. म्हणजे पायांशी रोजचा संबंध, तरी स्वतःचा पाय मला कळला नाही. नंतर अडीच-तीन महिने फिजिओथेरपीला जाऊन जे शिकलो आणि आता पोरांना सांगतो, ते इथे लिहितोय. पहिल्यांदाच टाच किंवा तळवा धरला आहे आणि कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही, अशा माणसासाठी हे आहे. तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टी असते, तिलाच मी दोरी म्हणतो. ताणलेल्या दोरीला जे करायचं, ते तुटलेल्या दोरीला अजिबात करायचं नाही, हे लक्षात राहिलं तर बाकीचं सोपं आहे.

दोरी कुठे असते, हाताने बघा

खुर्चीवर बसा. दुखणारा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्या. एका हाताने पायाचा अंगठा नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट तळव्याच्या खोलगट भागावर आतल्या बाजूने फिरवा. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ झालेली एक पट्टी बोटाला लागेल. अंगठा सोडला की ती ढिली पडते.

हीच ती. डॉक्टर तिला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेच्या हाडाच्या बुडाशी, आतल्या बाजूला तिचं मूळ असतं आणि पुढे पाच फाटे होऊन ती पाचही बोटांच्या मुळाशी जाते. पायाची कमान ती धनुष्याच्या दोरीसारखी धरून ठेवते. चालताना टाच उचलली, बोटं मागे वळली की ही पट्टी बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळली जाते, कमान वर येते आणि पाय कडक होऊन अंग पुढे ढकलतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये याची तुलना दोर गुंडाळून ओझं वर ओढणाऱ्या यंत्राशी केली होती. आपल्यासाठी तो विहिरीवरचा रहाटच. दर पावलाला हा रहाट एकदा फिरतो. दिवसभर केळीचे घड खांद्यावर घेऊन ओल्या बागेतून चालणाऱ्या मजुराच्या पायात तो किती वेळा आणि किती ओझ्याखाली फिरत असेल, याचा विचार करून बघा.

ही पट्टी रबरासारखी लांबत नाही. म्हणून अचानक जास्त काम पडलं तर ती मुळाशी झिजते, जाड होते, बारीक चिरते. सोनोग्राफीत तिची जाडी ४ मिलिमीटरच्या वर गेली तर ती जाड झाली असं साधारण धरतात.

ताणली की तुटली?

ताणलेल्या दोरीची सुरुवात कधी झाली ते माणसाला सांगता येत नाही. "दोनेक महिने झाले असतील," असं तो म्हणतो. सकाळी बिछान्यातून उतरून पहिली चार-पाच पावलं टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं. मोरीपर्यंत जाऊन येईस्तोवर बरं वाटतं. मग एसटीत तासभर बसून उतरलं की पुन्हा तेच. टाचेच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूने अंगठा दाबला की एका जागी माणूस "हां, इथेच!" म्हणून ओरडतो.

तुटलेल्या दोरीची वेळ मात्र मिनिटासकट सांगता येते. माझी सांगतो. गडाला निघायच्या आधी दीड महिना टाच दुखत होती. नवस होता, सोबती ठरलेले होते, म्हणून निघायच्या दहा दिवस आधी एका दवाखान्यात जाऊन टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. किती दिवस चालायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुखणं जादू केल्यासारखं गेलं. मालेगाव गेलं, देवळा गेलं. कळवणच्या पुढे एका चढावर मागून ट्रकचा हॉर्न आला म्हणून मी घाईने बाजूला उडी घेतली आणि तळव्यात "टच्" झालं. आवाज मला ऐकूही आला आणि आतून जाणवलाही. दगड लागला असेल म्हणून खाली बघितलं, तर दगड नव्हता. चवड्यावर भार देऊन बघितला, अजिबात देता येईना. "काय व्हयनं रे भो?" म्हणत सोबतचे गोळा झाले. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे म्हणाले, "चोयी द्या याना पाय." दोघांनी तेल लावून मनापासून पाय चोळला. दुसऱ्या दिवशी तळव्याची कमान वांग्याच्या रंगाची झाली होती.

तर खुणा या: अचानक कळ, बऱ्याचदा आवाज किंवा काहीतरी सुटल्याची जाणीव, चवड्यावर उभं राहता न येणं, कमानीत सूज आणि एक-दोन दिवसांत उमटणारा काळानिळा डाग. दोरी पूर्ण तुटली असेल तर कधी बोटाला खाचही लागते. एक चकवा मात्र लक्षात ठेवा. कित्येक महिने टाच दुखणाऱ्या माणसाची दोरी पूर्ण तुटली, तर सुरुवातीची कळ ओसरल्यावर जुनं दुखणं कमी झाल्यासारखं वाटू शकतं. ते बरं होणं नव्हे, दोरीवरचा ताण गेलेला असतो. कमान खाली बसायला लागली की बाकीचा पाय कुरकुरतो.

तिसरंच काही असेल तर

टाचेत दुखतं ते सगळं या दोरीचंच असतं असं नाही. घरी एवढं तपासा.

टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून लिंबू पिळल्यासारखी दाबा. खूप कळ आली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांमध्ये हा धोका खरा आहे. टाचेच्या बरोबर मध्यभागी खोलवर ठणका असेल तर तिथली चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. जळजळ, मुंग्या, रात्री झोपेत आग होणं ही नसेची लक्षणं. पंचविशी-तिशीतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा तास धरलेली असते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, असं असेल तर तो सांधेवाताचा एक प्रकार असू शकतो. तिथे तळव्याचे व्यायाम करत महिने घालवू नका. ताप, लाल गरम सूज किंवा पोटरी सुजून दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि मधुमेह. पायाला बधिरपणा असेल तर खाली सांगितलेला बर्फ, गरम वीट, बाटली यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. वीट भाजली आणि फोड आल्यावर कळलं, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतात.

तुटल्यासारखं वाटलं तर

जिथे आहात तिथे थांबा. पुढच्या मुक्कामापर्यंत लंगडत जाणं ही मर्दुमकी नाही. मी चार किलोमीटर तसा चाललो आणि त्याची किंमत दोन आठवड्यांनी मोजली.

पायावर भार देऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत बांधा. बोटं गार किंवा निळी पडली तर सैल करा. झोपताना पाय दोन उशांवर. चोळणं नाही, शेक नाही, बिब्बा नाही, रुईचं पान नाही, आणि "जरा ताणून बघू" तर मुळीच नाही. तुटलेली टोकं आपोआप जुळायला निघालेली असतात, त्यांना पुन्हा ओढायचं कशाला?

मग दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खासगीत परवडत नसेल तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे अस्थिरोग विभागात जा. एक्स-रेमध्ये फक्त हाड दिसतं, दोरी दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" ऐकून खूश होऊन घरी येऊ नका. दोरीसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, हे आपण होऊन विचारा.

उपचार बहुतेक वेळा बिनाऑपरेशनचा असतो. गुडघ्याच्या खालपर्यंतचा कडक वॉकर बूट, सुरुवातीला साधारण दोन-तीन आठवडे कुबड्या आणि पाय अधांतरी, मग बुटासकट हळूहळू भार, मग आधार असलेला जोडा. बूट असताना पायाची बोटं आणि गुडघा दिवसभर हलवत राहा, कारण पाय निपचित राहिला की रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. नेमके किती आठवडे, हे तुमची दोरी किती फाटली त्यावर डॉक्टर ठरवतील. खेळाडूंनाही पुन्हा पळायला साधारण दोन-अडीच महिने लागतात, त्यामुळे पुढच्या रविवारच्या स्पर्धेचं नाव विसरा. खाली दिलेले व्यायाम तुटलेल्या दोरीसाठीही आहेत, पण बूट सुटल्यावर आणि फिजिओथेरपिस्टने हो म्हटल्यावर.

ताणली असेल तर: रोजचं काम

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक या गटातले असतात आणि बहुतेक लोक चार दिवसांत कंटाळतात.

पलंगावरून उतरायच्या आधी सुरुवात करायची. रात्रभर पावलं खाली झुकलेली असतात, दोरी आखडते आणि पहिल्याच पावलाला तिच्यावर सगळं अंग पडतं. म्हणून उठून बसा, दुखरा पाय मांडीवर घ्या, बोटांच्या मुळाशी धरून ती नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळव्यातली तार ताठ झाली का ते बघा. नसेल झाली तर नुसती बोटं ओढताय, दोरी नाही. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा: उठताना, आणि बराच वेळ बसल्यानंतर उभं राहण्याआधी दोनदा. हा ताण देण्याचा प्रकार जितका साधा दिसतो तितकाच कामाचा आहे. माझी आई ओसरीवर बसून रोज हे करते आणि म्हणते, "टाच दुखस, पन आते सकाये रडू येत नही."

पलंगाशेजारी चप्पल ठेवा. घरात चप्पल घालणं आपल्याकडे बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून भाकऱ्या थापणाऱ्या बाईची टाच बरी कशी होणार? घरातल्यासाठी वेगळी, बाहेर न नेलेली चप्पल घ्या, म्हणजे सासूबाईंनाही बोलायला जागा नाही. जोडा पारखायची रीत: दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. टाचेचा भाग बोटांपेक्षा थोडा उंच हवा. झिजून पापड झालेली रबरी स्लीपर टाकून द्या. मेडिकलमध्ये मिळणारी सिलिकॉनची टाचेची गादी पुष्कळांना बरी वाटते. महागडे खास इनसोल त्याच्यापेक्षा खूप चांगलेच असतात असं काही नाही.

पोटरी. पोटरी आखडलेली असली की घोटा नीट वाकत नाही आणि त्याचा भार तळव्यावर येतो. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, पुढे झुका. तीस अंक. मग तसंच गुडघा थोडा वाकवून तीस अंक. दोन्ही तीन-तीन वेळा. भरतीची पोरं हे टाळतात आणि १६०० मीटर पळून आली की ओट्यावर पाय धरून बसतात.

आता खरं काम, ताकद वाढवण्याचं. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चवडे टेकून उभे राहा, टाच बाहेर. जुना पंचा घट्ट गुंडाळून बोटांखाली असा ठेवा की बोटं वर वळलेली राहतील, म्हणजे रहाट फिरून दोरी ताठ. एका हाताने कठडा किंवा भिंत धरा. फक्त दुखऱ्या पायावर तीन अंकांत वर या, दोन अंक वर थांबा, तीन अंकांत खाली जा. बारा वेळा केल्यावर पाय थकला पाहिजे. असे तीन फेरे, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर लावून त्यात ओझं घाला आणि दहा वेळांचे चार फेरे करा. आणखी दोन आठवड्यांनी ओझं वाढवून आठ वेळांचे पाच. मी पाच किलो ज्वारीची पिशवी घालायचो, आणि व्यायाम झाला की तीच पिशवी बायको गिरणीत पाठवायची.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात याच व्यायामाची तुलना नुसत्या ताण देण्याशी केली होती. तीन महिन्यांनी ओझ्याचा व्यायाम करणारे पुढे होते, वर्षाच्या शेवटी दोघं जवळपास सारखे. म्हणून माझं मत असं: लवकर कामाला लागायचं असेल तर दोन्ही करा, जिना चढवतच नसेल तर निदान ताण तरी सोडू नका.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल काय म्हणतं ते ऐका. ते कालपेक्षा वाईट असेल तर ओझं जास्त झालं.

संध्याकाळी पाण्याची प्लास्टिकची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. जळगाव-भुसावळच्या एप्रिलमध्ये हा उपचार कुणी टाळत नाही. गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची आजीची रीत जुन्या, ताणलेल्या दुखण्यात आराम देते, माझा तिला विरोध नाही. फक्त तो आराम आहे, इलाज नाही. गोळ्यांचंही तसंच. वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंडावर चढतात, बीपी असेल तर जास्तच; रोजच्या रोज मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

किती दिवस? दिवस नाही, महिने. दहातल्या आठ-नऊ जणांना वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. तीन महिने नेमाने करूनही फरक नसेल तर परत डॉक्टरांकडे जा. झोपेत पाऊल वाकलेलं राहू न देणारी रात्रीची पट्टी, यंत्राने टाचेवर लहरींचे ठोके देणारं शॉकवेव्ह असे पुढचे पर्याय आहेत.

हाड आणि इंजेक्शन

एक्स-रेत टाचेखाली काट्यासारखं हाड दिसलं की घरात रडारड सुरू होते. तसं हाड टाच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही असतं, आणि दुखणं गेल्यावरही ते तिथेच राहतं. ते कापून काढायची घाई नको.

इंजेक्शन वाईट नाही. काही आठवडे ते खरोखर दुखणं उतरवतं. पण दोरी कमकुवत करून तुटण्याचा धोकाही वाढवतं आणि टाचेची गादी पातळ करू शकतं. घ्यायचंच ठरलं तर दोन प्रश्न विचारून घ्या: सोनोग्राफीत बघून देणार का, आणि नंतर किती आठवडे पळायचं-लांब चालायचं नाही? यात्रेच्या, भरतीच्या किंवा लग्नाच्या तारखेवर नजर ठेवून घेऊ नका. दुखणं दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे दोरी ओरडून सांगू शकत नाही.

पायी निघण्याआधी

वणीच्या देवीचं माहेर खान्देश, त्यामुळे चैत्र आला की आपल्याकडून माणसांची रांग लागते. मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला जाणारे तर महिनाभराहून जास्त चालतात. यातले निम्मे लोक आदल्या आठवड्यापर्यंत दुकानात बसलेले असतात आणि नवा बूट त्याच सकाळी डब्यातून काढतात.

चैत्रात निघायचं तर माघापासून चाला. आठवड्यातून चार दिवस, आधी तीन-चार किलोमीटर, दर आठवड्याला थोडं वाढवत. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चालून बघा, कारण पाय दुसऱ्या दिवशी काय म्हणतो ते महत्त्वाचं. यात्रेचा जोडा यातच मुरवा. रस्ता कडेला उतरता असतो. सारखं एकाच कडेने चाललं की एका तळव्यावर जास्त भार येतो, म्हणून जिथे सपाट कडा मिळेल तिथे तिचा फायदा घ्या.

अनवाणी जायचा नवस असेल तर तो तुमचा आणि देवीचा प्रश्न, मी मध्ये पडत नाही. आमच्या गटात मात्र ज्येष्ठांनी आता ठरवलंय की रस्त्याला जोडा घालायचा आणि गडावरच्या पायऱ्या तेवढ्या अनवाणी चढायच्या. डांबर एप्रिलमध्ये तसंही पाय टेकू देत नाही.

दोरी तुटलेल्या पायाने परत निघायच्या आधी माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी घेतलेली परीक्षा अशी होती: सकाळचं पहिलं पाऊल सलग दोन आठवडे न दुखलेलं, एका पायावर आधार न घेता पंचवीस वेळा चवड्यावर वर, दुसऱ्या पायाइतकंच, त्याच पायावर जागच्या जागी दहा उड्या, आणि तासभर भरभर चालून दुसऱ्या सकाळी काही नाही. पहिल्या वेळी मी सतराव्याला थांबलो. त्या वर्षी गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत एसटीने गेलो, वर ट्रॉलीत बसलो आणि खाली उतरून चालत येणाऱ्यांना पाणी वाटलं.